वाटणी झालेली इंग्रजी सराई कशी वाचावी

नागपुरात महाल किंवा इतवारीत वाढलेल्या माणसाला वाटणी झालेला वाडा ओळखायला शिकवावे लागत नाही. रस्त्यावरून तीन वेगळी घरे दिसत असतात, एकाला नवा रंग, दुसऱ्याला टाइल्स, तिसऱ्याला लोखंडी ग्रिल लागलेले असते, तरीही तिन्हींवरून सलग गेलेले आढे आणि मधल्या घराच्या भिंतीत बुजवलेला दिंडी दरवाजा पाहून हा मुळात एकच वाडा होता, हे त्याच्या लक्षात येते. हीच नजर इंग्लंडमध्ये फार उपयोगी पडते. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींचा मुक्काम कधी कधी अशा घरात पडतो, ज्याच्या दारावर ‘ओल्ड स्वान’ किंवा ‘ओल्ड जॉर्ज’ असे नाव असते, ज्याची जमीन एका बाजूला उतरलेली असते आणि ज्याच्या एकाही खोलीचे चारही कोपरे काटकोनात नसतात. असे घर बहुधा जुन्या सराईचा एक तुकडा असते. तो तुकडा मूळ इमारतीत कोठे बसत होता, हे शोधून काढण्याची रीत पुढे दिली आहे. उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा वेळेची अडचण पडू नये.

आधी सराई म्हणजे काय, हे पक्के करून घ्यावे. जुन्या इंग्लंडमध्ये एलहाउस, टॅव्हर्न आणि इन अशा तीन निरनिराळ्या जागा होत्या. एलहाउसमध्ये बिअर मिळे आणि ते पुष्कळदा कोणाच्या तरी राहत्या घराची पुढची खोलीच असे. टॅव्हर्न वाइनसाठी असे. आणि इनमध्ये प्रवाशाला जेवण व बिछाना आणि त्याच्या घोड्याला तबेला मिळे. या लेखात सराई म्हटले आहे ते इनला. तिला धर्मशाळा म्हणता येत नाही, कारण तेथे पैसे मोजावे लागत. पण काही जुन्या सराया मठांनी बांधलेल्या होत्या, हेही खरे. ग्लॉस्टरची न्यू इन तेथील सेंट पीटर मठाने सुमारे १४५० मध्ये यात्रेकरूंसाठी बांधली आणि तिचे सज्जे आजही पाहायला मिळतात. डब्ल्यू. ए. पँटिन या अभ्यासकांनी मध्ययुगीन सरायांचे दोन ढोबळ प्रकार मांडले होते. एका प्रकारात खोल्या चौकाभोवती असत, तर दुसऱ्यात मुख्य खोल्या रस्त्यालगतच्या दर्शनी इमारतीतच असत. आपल्याला जवळचा वाटतो तो अर्थातच चौकाचा प्रकार.

या सरायांचा शेवटचा भरभराटीचा काळ म्हणजे घोड्यांच्या टपालगाड्यांचा. २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टॉलहून लंडनला पहिली टपालगाडी निघाली, आणि पुढील अर्धशतकभर ठरावीक अंतरावर घोडे बदलून देणाऱ्या सरायांना उसंत मिळाली नाही. मग १८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम आणि १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टॉल हे लोहमार्ग पूर्ण झाले आणि थोड्याच वर्षांत लांब पल्ल्याच्या गाड्या रस्त्यावरून उठल्या. तीस-चाळीस घोड्यांचा तबेला आणि वीस खोल्या रिकाम्या पडल्यावर मालकाने काय करावे? काहींनी हॉटेल काढले, काहींनी पुढचा भाग दारूसाठी ठेवून मागचा भाड्याने दिला, आणि कित्येकांनी सगळी इमारत उभी चिरून घरे केली. आपण राहतो ते घर या शेवटच्या प्रकारातले असेल, तर पुढच्या खुणा शोधाव्यात.

खण मोजणे

सुरुवात दर्शनी भिंतीपासून करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. दर्शनी भिंत ही इमारतीतली सर्वांत अविश्वासू वस्तू आहे. सुरुवात खणापासून करावी. आपल्या वाड्यात दोन खांबांमधील अंतराला आपण खण म्हणतो आणि जागेचे माप ‘तीन खणांची ओसरी’ असे सांगतो. इंग्रजी लाकडी इमारतीचा हिशेब अगदी तसाच चालतो. तेथे समोरासमोरचे दोन खांब, त्यांना जोडणारी आडवी तुळई आणि तिच्यावर छताची कैची असा एक उभा सांगाडा असतो. असे सांगाडे ओळीने उभे करून ते लांबीच्या तुळयांनी जोडले की लागोपाठच्या दोन सांगाड्यांमधला भाग हा एक खण होतो. आपला खण त्यामानाने लहान असतो. तिकडे दहा ते सोळा फुटांचा खण सहज आढळतो, आणि एका इमारतीतले सगळे खण सारखे असतातच असेही नाही.

मोजपट्टी, बॅटरी, ग्राफ पेपर आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरे. प्रथम आपल्या घरातील प्रत्येक खांब शोधावा. काही उघडे दिसतील, काही गिलाव्याखाली असतील. तेथे भिंत थोडी फुगलेली असते आणि वरची तुळई नेमकी त्या जागी येऊन टेकलेली असते. खांबाचे वरचे टोक बुंध्यापेक्षा जाड दिसले तर गोंधळून जाऊ नये. झाडाचा बुंध्याकडचा रुंद भाग मुद्दाम वर ठेवून त्यावर दोन-तीन तुळया एकत्र बसवण्याची ती रीत आहे. खांब सापडले की कागदावर आधी फक्त खांब काढावेत आणि आजच्या भिंती नंतर वेगळ्या रंगाने काढाव्यात. हा क्रम उलटा झाला, तर आजच्या भिंतीच खऱ्या वाटू लागतात आणि सगळा तर्क चुकतो.

आता दोन्ही रंगांची तुलना करावी. समजा, पाच खणांच्या इमारतीची तीन घरे झाली आहेत. पहिल्याला दोन खण, तिसऱ्याला दोन खण आणि मधल्याला एकच, अशी वाटणी असेल, तर भिंती जुन्या सांगाड्यांच्या रेषेवर येतात आणि त्या मूळच्याच असू शकतात. पण शेजाऱ्याची भिंत खणाच्या मधोमध आली असेल आणि तुळई तिच्यात शिरून पलीकडे निघून गेली असेल, तर ती भिंत निःसंशय नंतरची आहे. आमच्या महालातल्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा ओसरीच्या मधोमध अशीच भिंत उभी राहिली होती आणि आमच्या स्वयंपाकघरातली तुळई थेट काकांच्या माजघरात गेली होती. त्यांच्याकडे कोणी खिळा ठोकला की आमच्या पिठाच्या डब्यावर माती पडायची. इंग्लंडमधल्या अशा घरात शेजाऱ्याचे पाऊल वाजलेले आपल्या खोलीत ऐकू येत असेल, तर त्याचे कारण बहुधा हेच असते, आणि तोही एक पुरावाच समजावा.

यापुढचे काम बॅटरीचे आहे. जुनी सुतारकी बहुतांशी खिळ्यांवाचून चालत असे. एका लाकडात खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारी जीभ आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी, असा प्रत्येक सांधा असतो. तुळईखालची भिंत काढून टाकली तरी तुळईच्या पोटातील खाचा तशाच राहतात. सफकमध्ये माझी पुतणी भाड्याने राहत होती त्या घराच्या जेवणाच्या खोलीत, टेबलाच्या बरोबर वर, अशी एक तुळई होती. तिच्या पोटात सव्वा-दीड फुटाच्या अंतराने सात रिकाम्या खाचा होत्या, आणि प्रत्येक दोन खाचांच्या मध्ये बोटभर खोलीची भोके होती. खाचा उभ्या खुंटांसाठी आणि भोके कुडाच्या काठ्यांसाठी. कूड आपल्याला नवा नाही. काठ्यांच्या विणीवर माती, शेण आणि गवताचा लेप देऊन भिंत करण्याची रीत तिकडेही तीच होती. याचा अर्थ, आज जी लांबलचक जेवणाची खोली दिसते, तेथे पूर्वी दोन लहान खोल्या होत्या. याच्या उलट, एखाद्या तुळईच्या पोटात एकही खाच नसेल, तर तेथे भिंत कधीच नव्हती आणि ती जागा मूळची मोठी बैठकीची खोली होती, असा निष्कर्ष काढावा.

ओकचे लाकूड तेव्हा ओलेच वापरत, कारण वाळल्यावर ते कापणे जिकिरीचे होते. ते जागेवर वाळताना पिळवटत असे. आजच्या वाकड्या भिंती आणि उतरत्या जमिनी काही अंशी त्याचाच परिणाम आहेत. वाकडेपणा पाहून घर पडायला आले आहे, असे मुलीला लगेच सांगू नये.

गाडीवाट

वाड्याला जसा दिंडी दरवाजा, तशी चौकाच्या सराईला गाडीवाट. रस्त्यावरून भरलेली गाडी थेट मागच्या चौकात जाईल इतकी उंच आणि रुंद वाट दर्शनी इमारतीच्या पोटातून काढलेली असे. घरे करताना या वाटेचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येकाला पडला आणि त्याची उत्तरे निरनिराळी निघाली. काही ठिकाणी ती उघडीच राहिली आणि मागच्या घरांचा सामाईक रस्ता झाली. काही ठिकाणी तिला काचेचे मोठे तावदान बसवून दिवाणखाना केला गेला. आणि पुष्कळ ठिकाणी ती विटांनी बुजवून मध्ये एक साधे दार बसवले गेले.

बुजवलेली गाडीवाट ओळखण्यासाठी भिंतीजवळ जाऊन विटांच्या थरांकडे पाहावे. चांगल्या बांधकामात एका थरातील सांधा वरच्या थरातील सांध्यावर कधी येत नाही. जेथे सांधे एकावर एक येऊन भिंतीत उभी सरळ रेघ पडते, तेथे दोन वेगळ्या काळांची कामे एकमेकांना टेकलेली असतात. अशा दोन रेघा आठ-दहा फुटांच्या अंतराने सापडल्या, त्यांच्यावर एक लांब जाड तुळई किंवा कमान आडवी गेलेली दिसली आणि पायथ्याशी, चाकांनी भिंत खरवडू नये म्हणून पुरलेले, आता बिनकामाचे वाटणारे दगड उरलेले असले, तर शंकेला जागा राहत नाही. घराच्या आतही पाहावे. गाडीवाटेवरच्या खोलीची जमीन इतर खोल्यांपेक्षा वर असते, कारण खाली गाडीच्या टपाला जागा द्यावी लागे, आणि वाट अजून उघडी असेल तर हिवाळ्यात त्या खोलीत पाय गारठतात.

घर विकत घेण्याचा विचार असेल, तर या खोलीकडे जास्त लक्ष द्यावे. वरची खोली एका घराची आणि तिच्याखालची जमीन दुसऱ्याची, अशी मालकी इंग्रजी कायद्यात ‘फ्लाइंग फ्रीहोल्ड’ म्हणून ओळखली जाते. खालच्याने आधाराची भिंत नीट ठेवली नाही तर वरच्याने काय करायचे, हा प्रश्न त्यात सुटलेला नसतो. म्हणून गृहकर्ज देणाऱ्या संस्था अशा घराची जादा चौकशी करतात. आधार, दुरुस्तीसाठी प्रवेश आणि येण्याजाण्याचा हक्क या तीन गोष्टी कागदावर आहेत का, हे सॉलिसिटरकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मजला कोणाचा आणि जिना कोणाचा, यावरून वर्षानुवर्षे चाललेले वाद आपण महालात कमी पाहिलेले नाहीत.

दर्शनी भिंत, सज्जा आणि बाकीचे

खण आणि गाडीवाट सापडली की मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन दर्शनी भिंतीकडे पाहावे. अठराव्या शतकात सरळ, सारख्या खिडक्यांच्या विटांच्या भिंतीची चाल पडली, आणि धंदा चांगला चालणाऱ्या सराईने आपल्या जुन्या लाकडी अंगावर हा नवा सदरा चढवला. वर सपाट कठडा आणि त्याच्यामागे तीव्र उताराचे कौलारू छप्पर डोकावत असेल, किंवा खिडक्या उंच असून आत छत मात्र डोक्याला लागेल इतके खाली असेल, तर आतली इमारत बाहेरच्या भिंतीहून जुनी आहे, असे समजावे. लाकडी सरायांची माडी पुष्कळदा खालच्या मजल्याच्या पुढे एक-दोन फूट आलेली असे. विटांची भिंत चढवताना तिच्याखालची पोकळी झाकली गेली; त्यामुळे तळमजल्यावर दर्शनी भिंतीच्या थोडे आत, तिला समांतर जाणारी एक जाड तुळई आढळली, तर मूळ भिंत तिच्याखाली होती.

बुजवलेल्या खिडक्यांबद्दल प्रत्येकजण खिडकीपट्टीची गोष्ट सांगतो. हा कर खराच होता. तो १६९६ पासून १८५१ पर्यंत चालू होता आणि त्यापायी खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण प्रत्येक आंधळी खिडकी करामुळे झालेली नसते. कित्येक खिडक्या केवळ दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून सुरुवातीपासूनच आंधळ्या बांधल्या होत्या. त्या जागेच्या बरोबर मागे आत धुराड्याची भिंत असेल, तर तेथे उघडी खिडकी कधी असणेच शक्य नव्हते. शेजाऱ्याने कराची गोष्ट रंगवून सांगितली तरी हे एकदा आत जाऊन पाहावे.

मागच्या अंगाला सज्जा शोधावा. चौकाच्या मोठ्या सरायांत वरच्या मजल्यावरच्या खोल्यांची दारे चौकाकडच्या उघड्या सज्जात उघडत, अगदी आपल्या वाड्यात चौकाभोवती सज्जा फिरतो तशी. हे मुळात कसे दिसत असे, याची कल्पना येण्यासाठी लंडनमधील सदर्क भागातील जॉर्ज इन जरूर पाहावी. १६७६ च्या आगीनंतर ती नव्याने बांधली गेली. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने तिच्या दोन बाजू पाडल्या. उरलेली बाजू आज जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि सज्जे असलेली लंडनमधली ती शेवटची सराई आहे. घरे झालेल्या सराईत हा सज्जा उघडा राहत नाही. तो आधी झाकून बोळ केला जातो आणि नंतर त्या बोळाचे तुकडे पाडून त्यात न्हाणीघरे बसवली जातात. म्हणून मागच्या बाजूला चार-साडेचार फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला किंचित उतार असलेली एक पट्टी आणि तिच्या आतल्या भिंतीत ओळीने बुजवलेली दारे दिसली, की आपण जुन्या सज्जात उभे आहोत, असे खुशाल समजावे. गिझरच्या मागे सोळाव्या शतकातली चौकट निघू शकते.

धुराडी मोजावीत. भाड्याच्या खोल्यांना शेकोट्या असत, त्यामुळे सराईवर साध्या घरापेक्षा धुराडी जास्त असतात आणि एकच धुराडे आज दोन घरांत वाटलेले असू शकते. तळघरात रस्त्याच्या बाजूला पिंपे उतरवण्याची उतरण किंवा झडप आहे का, तेही पाहावे; मात्र साध्या पबलाही अशी झडप असते, म्हणून या एकट्या खुणेवर विसंबू नये. तबेले मागे असतात आणि तेही बहुधा घरे झालेले असतात. त्यांच्या वरच्या मजल्याला गवत आत टाकण्यासाठी ठेवलेले, जमिनीपासून अधांतरी असलेले दार आता खिडकी म्हणून मिरवत असते.

कागद

एवढे पाहून झाल्यावरच कागदांकडे वळावे. आधी कागद वाचले, तर तेथे लिहिलेलेच दिसू लागते. इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतींची राष्ट्रीय यादी हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था ठेवते आणि ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. १७०० पूर्वीच्या आणि बऱ्यापैकी मूळ स्वरूपात उरलेल्या बहुतेक इमारती तिच्यात असतात. नोंदीत ‘पूर्वीची इन, आता तीन घरे’ अशा अर्थाचे वाक्य सापडले, तर आपला कागद तिच्याशी ताडून पाहावा. जुन्या नोंदी कित्येकदा फक्त बाहेरून पाहून लिहिलेल्या असतात, तेव्हा आपला खण त्यांना माहीत नसण्याचा पुरेपूर संभव आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे एकोणिसाव्या शतकातले मोठ्या प्रमाणाचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवले आहेत आणि त्यांत इंग्लंडचेही आहेत. गाडीवाट, चौक आणि तबेल्यांची ओळ त्यांवर स्पष्ट दिसते. १८४१ पासूनच्या जनगणनेच्या पत्रकांत घरमालकाचा धंदा लिहिलेला असतो. आणखी मागे जायचे असेल, तर १६६२ ते १६८९ या काळातील चूलपट्टीच्या याद्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात विचाराव्यात. प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग असा तो कर होता, म्हणून कोणाकडे किती चुली, हे त्यात लिहिलेले आहे; एका नावापुढे दहा-बारा चुली दिसल्या, तर तो गावचा जमीनदार तरी असतो किंवा सराईवाला.

इमारत यादीत असेल, तर तिच्या मूळ स्वरूपाला बाधा येईल असा कोणताही बदल करण्यापूर्वी स्थानिक कौन्सिलची संमती घ्यावी लागते. विनासंमती बदल हा तेथे फौजदारी गुन्हा आहे आणि घराच्या आतला भागही त्यात येतो. तेव्हा तुळईवर कॅलेंडरसाठी खिळा ठोकण्याची आपली सवय इकडेच ठेवून जावी. भिंतीला ओल दिसली म्हणून सिमेंटचा गिलावा सुचवू नये. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने ती आत कोंडली जाते आणि आतले लाकूड कुजते. महालातल्या कित्येक वाड्यांची भिंत याच उपायाने गेली आहे.

शेवटचे काम पोटमाळ्यावरचे आहे. वर चढताना घरच्यांना सांगून जावे आणि पाय फक्त तुळयांवर ठेवावेत, मधल्या पातळ छतावर नव्हे. वासे काजळीने काळे झालेले असतील, तर धुराडे येण्यापूर्वी त्यांच्याखाली उघड्या शेकोटीची मोठी बैठक होती. सामाईक भिंत आढ्यापर्यंत गेली आहे की मध्येच थांबली आहे, हेही पाहून ठेवावे. थांबली असेल, तर आगीच्या दृष्टीने ती गंभीर उणीव आहे आणि मुलांनी ती तज्ज्ञाला दाखवायला हवी. मग कैचीच्या सांध्यांवर बॅटरी तिरपी धरावी. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जोडून पाहत, सांध्यांवर छिन्नीने रोमन आकडे कोरत, सुटा करत आणि मग जागेवर उभा करत. चार हा आकडा बहुधा चार उभ्या रेघांनीच कोरलेला असतो. आपल्या माळ्यावर दोन आणि तीन हे आकडे सापडले, तर एक आणि चार शेजाऱ्यांच्या माळ्यावर असायला हवेत. काढलेला नकाशा हातात घेऊन रविवारी दुपारी त्यांचे दार वाजवावे आणि त्यांची हरकत नसेल तर आपण बॅटरी आणली आहे, असे सांगावे.